बिननावाचं वायफाय

"अक्का, चार काड्या कडीपत्ता तोडू का?"

"घ्या की वैनी, विचारताय काय? मी तुमचीच वाट बघालतो. आमच्या लॅपटॉपात एक बिननावाचं घुसलंय. वायफायची यादी उघडली की त्यात 'हिडन नेटवर्क' म्हणून बसलेलं दिसतंय. ह्यांनी तर धसकाच घेतलाय. बँकेचं काम काढलं की यादी बघत्यात आणि लॅपटॉप मिटून ठेवत्यात."

"मग पुसून टाकायचं की. एवढं काय त्यात?"

"पुसायला ते आत असाय नको? भाचा आलता काल, राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्त करतोय बघा, तो. म्हणाला, मावशी, हे लॅपटॉपातलं न्हवंच, हवेतलं हाय. शेजारपाजारचा कुणाचा तरी राउटर सेकंदाला दहादा हाळी देतोय, 'मी हितं हाय' म्हणून. फक्त नाव घ्यायच्या जागी गप बसतोय. हाळी ऐकू येतीय पण नाव कळत न्हाई, मग लॅपटॉप तरी काय लिहिणार? लिहितोय 'हिडन'."

"म्हंजे घुसलं बिसलं काय न्हाई?"

"आपण होऊन जोडत न्हाई तोवर न्हाई. पुसता येतं ते आपण कधीतरी जोडलेलं आणि लॅपटॉपानं ध्यानात ठेवलेलं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वायफाय, त्यात 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. तिथं नावाम्होरं 'फरगेट' दाबायचं. ह्यांच्या जुन्या हापिसातलं एक तसलंच लपवलेलं निघालं तिथं. ते मात्र ठेवू नका म्हणाला. राउटर नाव सांगत न्हाई, मग लॅपटॉपच त्याचं नाव घेऊन हाका मारत फिरतोय. रंकाळ्यावर न्या न्हाईतर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये उघडा, ह्याचं आपलं चालूच, 'अमकं हाय का, अमकं हाय का'. ऐकणाऱ्याला कळतंय की, हे कुठल्या हापिसातलं ते."

"अगं बया! आणि शेजारच्याचं दिसूच नये असं काय करता येत न्हाई?"

"येतंय. काळ्या खिडकीत 'नेटश' का कायतरी लिहून नावानं बंदी घालता येती. पण ह्याला नावच न्हाई, तर बंदी घालायची कुणावर? सगळ्यांवरच घालायची म्हटलं तर आपलं बी जातं. मग आपल्याला तेवढी वेगळी परवानगी द्यायची. उद्या पोरगी पुण्यासनं आली, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, की तो दिसत न्हाई म्हणून बोंब. नको म्हटलं ती भानगड."

"पण हाय कुणाचं ते? वरच्या खोलीतली भाड्याची पोरं असणार. रात्री दोन दोन वाजेपर्यंत लाईट असती त्यांची."

"मला बी तसंच वाटालतं. पण परवा संध्याकाळी लाईट गेली न्हवं? लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. बघतो तर यादीतली सगळी नावं गुल. आमचं गेलं, पोरांचं गेलं, समोरच्या रिटायर्ड साहेबांचं गेलं. बिननावाचं तेवढं जागच्या जागी."

"ते कसं काय?"

"आता कसं सांगू? गल्लीत इन्व्हर्टर दोघांकडंच. एक कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं. मग मी लॅपटॉप घेऊन अंगणात फिरलो. डॉक्टरांच्या बाजूला गेलो तर एकच कांडी. ह्या भिंतीपाशी, कडीपत्त्याखाली आलो तर सगळ्या भरल्या."

"..."

"वैनी, कडीपत्ता बास झाला. झाड बोडकं कराल."

"आमच्या थोरल्यानं केलंय हो ते! नाव लपवलं की चोर फिरकत न्हाई म्हणाला. ती सानपाड्याची गोष्ट त्यानं कुठंतरी वाचली. २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झालं, त्याच्या आधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेलता. पोलिसांनी माग काढला तर निघालं नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन माणसाचं घर. त्याचा काय संबंध न्हवता. वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं. पण चौकशीचा ससेमिरा त्या बिचाऱ्यामागं लागला की."

"गोष्ट खरी हाय. पण त्याचं वायफाय उघडं होतं, म्हणून झालं ते. नाव दिसत होतं म्हणून न्हवं. दारावरची पाटी काढली म्हणून कुलूप लागत न्हाई वैनी. तुमचा मोबाईल घरात येऊन जोडला की त्या घटकेला नाव हवेत उघडंच जातंय. ज्याला चोरी करायचीय तो तेवढी वाट बघतोय. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए टू न्हाईतर थ्री हाय का बघायचं आणि पासवर्ड लांबलचक ठेवायचा. नाव खुशाल दिसू दे."

"पासवर्ड हाय की चांगला दहा आकडी."

"दहा आकडी? म्हंजे भाऊजींचा मोबाईल नंबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वैनी, तुमच्या दुकानाच्या पाटीवर केवढ्या मोठ्या अक्षरांत लिवलाय तो! गल्लीतल्या पोरांना पाठ हाय. थोरल्याला म्हणावं, वायफायचं नाव पाटीवर लिव आणि पासवर्ड लपव. त्यानं नेमकं उलटं केलंय."