‘ए’ म्हणजे अव्वल

आमच्या घरी गेल्या गणपतीपासून मिक्सर पक्कडीने चालतो. मिक्सरला शून्य-एक-दोन-तीन आकडे छापलेला जो गोल कान असतो, तो जागेवर नाही. तिथे नुसता दांडा आहे. चटणी वाटायची झाली की बायको ओट्यावरची पक्कड उचलते, दांडा पकडून एकवर नेते आणि मी घरात असलो तर माझ्याकडे बघते. पाहुणे असले की कारण सांगायची पाळी माझ्यावर येते. ‘इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी लागला’ एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी बावन्न वर्षांचा आहे आणि विम्याच्या कचेरीत काम करतो. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इंदूरला झाला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक मराठी माणसाला आपल्या नरड्यात काहीतरी अडकलं आहे असं वाटत असतं. माझ्या बाबतीत ते बोटांत अडकलं होतं. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. म्हणजे वाजवणारा आला नाही की वाजवायचो. दोन वर्षांत तो तीनदा आला नाही. पुढे मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिचा जुना लॅपटॉप मागे राहिला, आणि भाच्याने त्यात एबल्टन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर घालून दिलं. इथवर ठीक होतं.

मग मला चरणजित सिंग सापडले. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड निघाली आणि विसरली गेली. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच ३०३ घेऊन, त्याचे कान मनसोक्त पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं, आणि एक नवा संगीतप्रकार जन्माला आला. सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. यातून मी जो बोध घेतला तो असा, की बावन्न हे काही वय नव्हे. सिंगांनी त्याआधी आयुष्यभर रियाज केला होता ही बाब माझ्या नजरेतून निसटली.

त्या ३०३च्या माथ्यावर सहा बारके कान आहेत: स्वर जुळवायचा, फिल्टरचा, त्याच्या धारेचा वगैरे. सहा मला जास्त वाटले. लाइव्हमध्ये इफेक्टांच्या एका रॅकला पूर्वी आठ मॅक्रो असत, अकराव्या आवृत्तीपासून सोळा मिळतात. मॅक्रो म्हणजे पडद्यावरचा नॉब. एकेका नॉबला आत हव्या तेवढ्या गोष्टी बांधता येतात. सोळा म्हटल्यावर मला आमच्या बैठकीतला दिव्या-पंख्यांचा बोर्ड आठवला. एकवीस वर्षं त्या घरात राहतो, अजून पंख्याऐवजी बाहेरचा दिवा लागतो. तेव्हा ठरवलं, एकच नॉब. तो फिरवायचा आणि सगळं व्हायचं.

इंदूरच्या माणसाला हे नैसर्गिकच आहे. आम्ही पोह्यांवर जिरावन घालतो, काकडीवर घालतो, पेरूवर घालतो, थंडीत तळलेल्या गराडूवर घालतो. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, मिरची, सगळा संसार एका डबीत. डबी हलवली की काम झालं. माझ्या नॉबचं नाव मी ‘जिरावन’ ठेवलं.

कल्पना अशी होती. नॉब डावीकडे टोकाला असला की गाणं जसंच्या तसं. उजवीकडे फिरवू लागलं की आधी खर्ज तासला जाईल, आवाज बारीक होत वर चढेल, मग घुमू लागेल, प्रतिध्वनी दाटतील, वाऱ्यासारखा एक फुत्कार वाढत जाईल, आणि लोकांचा श्वास अडकला की नॉब खटकन शून्यावर. गेलेला खर्ज धाडकन परत. याला डीजे लोक ड्रॉप म्हणतात. रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीत राजवाड्यासमोर हा प्रकार झाला की बँकेचे मॅनेजरसुद्धा हात वर करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या खेपेला मी या सगळ्या गोष्टी शून्य ते शंभर अशा सरसकट बांधल्या. भाच्याने ऐकलं आणि म्हणाला, “मामा, तुम्ही धणे वाटीभर घातलेत, आणि हिंगही वाटीभर.” प्रत्येकाला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट द्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. फिल्टर पहिल्यापासून हलेल. घुमारा तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाणार नाही. फुत्कार अर्ध्यानंतरच निघेल. आणि हे सगळं वाढताना एकूण आवाज थोडा खाली येईल, नाहीतर लोक कानांवर हात ठेवतील. मला एकदम सराफा आठवला. दिवसा सोन्याची पेढी आणि रात्री खाऊगल्ली असलेल्या त्या बाजारात जोशींच्या दुकानी दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात, आणि एकाच चिमटीत घेतलेले चार-पाच मसाले एकामागून एक वेगळे सोडतात. बघणाऱ्याला चिमूट एकच दिसते. वर्षानुवर्षं मी तो दहीवडा खातोय, पण त्या बोटांत काय चाललंय याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

भाच्याचं मी सगळं ऐकलं. एक सोडून. प्रतिध्वनीचा किती हिस्सा पुन्हा आत परतायचा, त्याला फीडबॅक म्हणतात. तो पंच्याऐंशी टक्के असला तर प्रत्येक खेप आधीपेक्षा लहान होते आणि आवाज विझतो. शंभराच्या वर गेला की प्रत्येक खेप आधीपेक्षा मोठी. भाचा म्हणाला, पंच्याऐंशीच्या वर जाऊ नका. तो घरी गेल्यावर मी एकशेदहा केला. चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे मी लोकांना सत्तावीस वर्षं समजावत आलो आहे.

आता पडद्यावरचा नॉब माउसने फिरवणं हे व्यासपीठावर शोभत नाही. गिऱ्हाइकाची पॉलिसी शोधतोय असं दिसतं. म्हणून खराखुरा नॉब हवा होता. जेल रोडला एका गल्लीत सुट्या भागांचं दुकान आहे. तिथे नॉब संगणकाला जोडायला अर्डुइनोची पट्टी घेतली आणि नॉबच्या पोटात बसणारा दहा केचा पॉट मागितला. दुकानदाराने विचारलं, “ए दूँ के बी?”

मला वाटलं, प्रतवारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाद्य बनवतोय, तिथे बी कशाला? म्हटलं, “ए.”

“पक्का?”

“एकदम पक्का.”

तो काही बोलला नाही. मात्र पिशवीत घालताना वर म्हणाला, “भिया, इत्ते काम एक बटन से नी होते. बटन हे, कलेक्टर साब नी हे.” पैसे देऊन मी निघालो.

फरसाणाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडलं, पॉट बसवला. पण त्याच्या दांड्यावर घालायला जी बोंडं बाजारात मिळाली ती ट्रान्झिस्टरची वाटत होती. हातात भरेल असं काही हवं होतं. बायको चार दिवस देवासला बहिणीकडे गेली होती. ओट्यापाशी उभा राहून चहा पिता पिता माझी नजर मिक्सरवर गेली. काय तो कान! तळहातात भरणारा, कडेला खाचा, वर आकडे. माप मोठं होतं, पण एम-सील कशासाठी असतं?

आणि सांगायला हरकत नाही, घरी तो डबा अप्रतिम चालला. चरणजित सिंगांच्या दहांतला भूपाळी मी घेतला होता, कारण त्यात पाचच स्वर आहेत. नॉब फिरवला की खर्ज जराजरासा सरे, सूर उलगडत उलगडत वर जाई. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ झूमऱ्यात अतिविलंबित ख्याल मांडायचे, त्या बढतीची आठवण व्हावी अशी ही चाल आहे, असं मी परत आलेल्या बायकोला म्हणालो.

“अहो, मिक्सरचा कान कुठे गेला?” बायको म्हणाली.

कॉलनीच्या गणेशोत्सवात सातव्या दिवशी माझा कार्यक्रम ठरला: ‘फ्यूजन’. त्या दुपारी भाचा आला आणि त्याने सगळं उघडून पाहिलं. फिल्टरपाशी आल्यावर त्याने कपाळाला हात लावला. मी वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंतचा पल्ला सरळ रेषेत वाटला होता. नॉबचे टप्पे एकशेअठ्ठावीस. म्हणजे टप्प्यागणिक दीडशेच्या वर हर्ट्झ. पण कान बेरीज करत नाही, दुप्पट मोजतो. वीसचे चाळीस झाले की एक सप्तक, दहा हजारांचे वीस हजार झाले तरी एकच. “मामा, तुमची पहिल्याच टप्प्यात तीन सप्तकं उडतात,” भाचा म्हणाला, “आणि नॉबचा उरलेला अर्धा भाग वटवाघळांसाठी आहे.” मी म्हटलं, पण छान चालतंय की. तो म्हणाला, चालणं शक्यच नाही. त्याने गणित दुरुस्त केलं, दहा सप्तकं नॉबभर सारखी पसरली, माउसने फिरवून पाहिलं आणि “आता क्लास” म्हणून क्लासला गेला. डबा तेव्हा बायकोच्या नजरेआड कपाटात होता. तो काढून पाहायचं कोणालाच सुचलं नाही.

रात्री मुलांचे नाच लांबले. भोंगे रात्री दहाला बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आमची समिती काटेकोर पाळते. माझ्या हाती माइक आला तेव्हा नऊ चाळीस झाले होते. रुबाबासाठी लॅपटॉप मी टेबलाखाली झाकून ठेवला होता. वर फक्त फरसाणाचा डबा आणि त्यावर तो कान. गळ्यात हेडफोन. मधूनमधून आलाप घ्यायचा म्हणून माइकसुद्धा याच नॉबमधून नेला होता. सगळं म्हणजे सगळंच.

ठेका सुरू झाला. मी डोळे मिटून नॉब एकवर नेला. काही झालं नाही. दोनकडे नेला. काही नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, “हा कधी सुरू करणार?” माझ्या कपाळावर घाम. तेवढ्यात घड्याळ बघत खजिनदार वर आले. त्यांचा माइक बिघडला होता म्हणून त्यांनी सरळ माझा उचलला आणि म्हणाले, “एक सूचना. ज्यांची वर्गणी अजून बाकी आहे…”

नेमका त्याच क्षणी, आता काय व्हायचं ते होवो म्हणून, मी नॉब तीनच्या पार टोकाला नेला.

खर्ज नाहीसा झाला. मांडवातून कुकरची शिटी अडकल्यासारखा फुत्कार उठला. आणि त्यातून खजिनदार परत आले. “बाकी आहे… बाकी आहे… बाकी आहे…” प्रत्येक खेपेला एकशेदहा टक्के. खजिनदारांनी माइक खाली ठेवला, तोंड मिटलं, तरी ते बोलतच होते. मी नॉब मागे फिरवला. तो सहज फिरला, फारच सहज, कारण एम-सील सुटून तो दांड्याला सोडून माझ्या हातात आला होता. हात वर केला तर लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी डब्याची वायर उपटली. पण संगणकाला डबा गेल्याचं दुःख नसतं. शेवटचा हुकूम टोकाचा होता, तोच तो इमानाने पाळत राहिला.

शेवटी वॉचमनने मेन स्विच पाडला. दिवे गेले, गणपतीवरची रोषणाई गेली, भोंगे गप्प झाले. मांडवात काळोख आणि अशी शांतता, की समईची वात फडफडलेली ऐकू यावी. आणि त्या शांततेत माझ्या गळ्यातल्या हेडफोनमधून, लॅपटॉपच्या बॅटरीवर, डासासारख्या बारीक आवाजात, “बाकी आहे… बाकी आहे…”

खजिनदार रागावले नाहीत. त्या आठवड्यात राहिलेल्या चारही घरांची वर्गणी जमा झाली, असं ते अजून सांगतात. त्यातलं एक घर माझं होतं.

दिवाळीनंतर मी डबा घेऊन जेल रोडला गेलो. दुकानदाराने पॉट उलटा करून माझ्यापुढे धरला. मागे लिहिलं होतं: ए १० के. ‘ए’ म्हणजे अव्वल नव्हे. तो रेडिओच्या आवाजासाठी असतो. अर्धा फिरवला तरी जेमतेम दहा-पंधरा टक्केच पुढे सोडतो आणि मग एकदम धावतो. ‘बी’ म्हणजे सरळ चालीचा. मला तोच लागत होता. घरी माझी चूक सुरुवातीलाच सगळं उधळत होती आणि ‘ए’ तिला लगाम घालत होता. दोन चुकांनी मिळून ती खाँसाहेबांची बढत केली होती. भाच्याने त्यांतली एक काढली, आणि दुसरी एकटी पडली.

“मैंने पूछा था, पक्का?” दुकानदार म्हणाला आणि ‘बी’ काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

बायको सोबत होती. तिने विचारलं, मिक्सरचा कान मिळेल का. जुन्याच्या आत एम-सील दगडासारखं बसलंय, आता तो परत लागत नाही.

“मिल जाएगा,” तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “कौनसी कंपनी का हे, भिया? मॉडल?”

रोलँडच्या तिन्ही यंत्रांचे क्रमांक मला तोंडपाठ होते.