बापूकाकांची वही

आमच्या सोसायटीत प्लंबरचा नंबर हवा असेल तर वॉचमनला विचारतात, टाकीत पाणी कधी चढेल ते सेक्रेटरींना विचारतात, आणि संगणकात अँटिव्हायरस कुठला घालावा ते बापूकाकांना. पहिल्या दोघांकडे उत्तर मिळतं. बापूकाकांकडे गेलेला माणूस दोन कप चहा पिऊन, १९८६ सालापर्यंत मागे जाऊन, काहीही न ठरवता परत येतो.

बापूकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात कालव्यांच्या गळतीचे अहवाल लिहिण्यात गेली. त्यामुळे जगात जे जे म्हणून असतं ते कुठून ना कुठून तरी गळतं, अशी त्यांची पक्की खात्री आहे. कालवे हातून गेल्यावर ही सगळी विद्या त्यांनी घरच्या संगणकावर लावली.

आम्ही लॅपटॉप घेतला तेव्हा मीही गेलो होतो. "काका, अँटिव्हायरस कुठला घेऊ?"

काकांनी चष्मा वर चढवला. "रॅम किती आहे? घरात कोणाकोणाचे पेनड्राइव्ह येतात? आणि बायको आलेली प्रत्येक लिंक उघडते का?"

शेजारी बायको उभी होती. मी रॅम तेवढी सांगितली.

मग काकांनी प्रकरण मुळापासून घेतलं. मूळ लाहोरात आहे. तिथल्या संगणक दुकानदार दोघा भावांनी १९८६ साली 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना अद्दल घडावी म्हणून. तो फ्लॉपीतून फ्लॉपीत शिरत जगभर हिंडला. गंमत म्हणजे भावांनी त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. हे सांगताना काकांचा आवाज दाटून येतो. "पत्ता देऊन गेले, बघ! आता तसे सचोटीचे व्हायरस राहिले नाहीत."

त्यानंतर वही निघते. विमा कंपनीची जुनी डायरी, तिच्यात पट्टीनं आखलेले रकाने: नाव, देश, किंमत, ट्रायल, रॅम किती खातो, शेरा. शेरा सोडून सगळे रकाने भरलेले. पुतणीसाठी स्थळं पाहिली तेव्हाही काकांनी असेच रकाने आखले होते, आणि तिनं शेवटी ऑफिसातल्याच मुलाशी लग्न केलं. अँटिव्हायरसला मात्र स्वतःहून पळून जाता येत नाही, म्हणून हा शोध पंधरा वर्षं चालू आहे.

"अवास्ट आणि एव्हीजी, दोन्ही मूळचे झेक. बिटडिफेंडर रुमानियाचा. ईसेट स्लोव्हाकियाचा. कॅस्परस्की मॉस्कोचा. नॉर्टन अमेरिकन." जगाच्या नकाशात काकांना रुमानिया नेमका सापडतो तो बिटडिफेंडरमुळे.

"आणि आपला पुण्याचा, काका?"

"क्विक हील? घराणं चांगलं! कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या भावानं, संजयनं, प्रोग्रॅम लिहिला. अगदी मराठी माणसाचं कर्तृत्व."

"मग तोच घेऊ का?"

काका खुर्चीत मागे रेलले. "इतकी घाई करू नये. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एक प्रयोगशाळा आहे, ती सगळ्यांची परीक्षा घेते. तिचा पुढचा निकाल लागू दे." बारावीच्या निकालाची कोणी पाहिली नसेल इतकी वाट काका इन्सब्रुकच्या निकालाची पाहतात. निकाल लागतो. त्यात पाच-सहा जण गुणवत्ता यादीत शेजारी शेजारी असतात. काका पुढच्या निकालाची वाट पाहू लागतात.

या काळात संगणक उघडा पडू नये म्हणून काकांनी सोवळं पाळलं. बाहेरचा पेनड्राइव्ह दारातून आत आला की तो स्मशानातून आल्यासारखा आधी बाजूला ठेवला जाई. मग काका डाव्या अंगठ्यानं शिफ्ट कळ दाबून धरत आणि उजव्या हातानं पेनड्राइव्ह खोचत. शिफ्ट दाबली की त्यातलं काही आपोआप सुरू होत नाही, हे जुन्या विंडोजवर खरंही होतं. 'न्यू फोल्डर' नावाचं, फोल्डरचंच चित्र लावून बसलेलं आणि दोनदा टिचकी मारली की घरभर पिल्लं घालणारं ते ईएक्सई ज्यांनी भोगलं आहे, ते या सोवळ्याला हसणार नाहीत. पण विंडोज बदललं, पेनड्राइव्ह गेले, तरी काकांचा अंगठा शिफ्टवरच. हल्ली ते माउस जोडतानाही शिफ्ट दाबतात.

पाहुणे आले की प्रात्यक्षिक होतं. युरोपातल्या अँटिव्हायरसवाल्यांच्या एका संस्थेनं ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. ती फाइलमध्ये साठवली की अँटिव्हायरसनं व्हायरस सापडल्यासारखं ओरडायचं. पहारेकरी जागा आहे की नाही ते पाहायची ही सोय. बाकीच्या घरांत पाहुण्यांपुढे नातवाला कविता म्हणायला लावतात. काका ती ६८ अक्षरं पाठ टाइप करतात, संगणक लाल होऊन किंचाळतो, आणि पाहुणे चपला शोधू लागतात.

काकांनी विकत मात्र कधीच काही घेतलं नाही. ट्रायल तीस दिवसांचं. एकोणतिसाव्या दिवशी काका संगणकाचं घड्याळ महिनाभर मागे करत. त्यांच्या जुन्या संगणकात मार्च २०११ कितीतरी दिवस संपलाच नाही. त्यांची दिवाळीची शुभेच्छा-मेल माझ्या इनबॉक्सच्या तळाशी, मार्चमध्ये जाऊन बसली. पुढे बँकेचं पान उघडेना. बँकेच्या प्रमाणपत्राची मुदत सुरू व्हायची होती ती तारीख त्या संगणकात अजून उजाडलीच नव्हती. काकांनी निष्कर्ष काढला, बँकेलाच व्हायरस लागला आहे.

एकदा दुहेरी बंदोबस्त म्हणून त्यांनी दोन अँटिव्हायरस एकदम घातले. एकानं फाइल उघडून पाहिली की दुसरा ती फाइल कोणी उघडली ते पाहायचा, मग पहिला दुसऱ्याकडे संशयानं बघायचा. दोन पहारेकरी एकमेकांची झडती घेत बसले आणि सकाळी सुरू केलेला संगणक दुपारच्या जेवणापर्यंत उठला नाही. काका खूश. "म्हणजे व्हायरसलाही तेवढाच वेळ लागेल!"

मी शेवटी काहीच घेतलं नाही. विंडोज ८ पासून डिफेंडर आतच येतो, तोच ठेवला, आणि अपडेट आलं की पुढे ढकलायचं नाही एवढी शिस्त लावून घेतली. काकांना हे पटलं नाही. "तो घरजावई! त्याची चौकशी कोण करतं?" त्यांच्या नव्या संगणकातही तोच घरजावई आहे. ट्रायल संपलं की तो मुकाट्यानं पहाऱ्यावर येतो. काकांच्या वहीत त्याचं नाव नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्यात काकांना मेसेज आला. बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्याला फोन करा. काका पुरते फसले. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. समोरचा गोड आवाजात म्हणाला, "अंकल, बस एक छोटा सा ॲप डाल दो." हा ॲप टाकला की तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसतो आणि पुढच्या पाच मिनिटांत खातं साफ.

काकांनी वही उघडली.

"ये ॲप कौनसे देश का है?"

"अंकल, लाइट कट जाएगा..."

"वो कटने दो. रॅम कितना खाता है? मेरे मोबाइल में पहले से एक है, उसके साथ इसका जमेगा क्या? ट्रायल कितने दिन का?"

चाळीस मिनिटं हे चाललं होतं, असं काकू सांगतात. अखेर पलीकडून रडवेला आवाज आला, "अंकल, आप बिल मत भरो," आणि फोन बंद झाला. १९३० नंबरवर तक्रार काकूंनी केली. काका दहा वाजेपर्यंत मेणबत्ती घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, हातात वही. "त्या माणसाचा नंबर लागत नाही रे. माहिती अर्धवट राहिली."

मी वही पाहिली. नवी ओळ होती. देश: सांगितला नाही. रॅम: सांगितली नाही. ट्रायल: नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, शाई उमटली होती: 'सेवा असमाधानकारक. घेऊ नये.'