कॅटकरी

वारकऱ्याला जशी आषाढी, तसा कॅटकऱ्याला नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. गेली काही वर्षं आयआयएमची कॅट त्याच दिवशी होते. फरक एवढाच, की वारकरी चालायला लागलेला असतो. कॅटकरी अजून दिवेघाटाने जावं की बोरघाटाने, यावर व्हिडिओ पाहत असतो.

वय सव्वीस, हिंजवडीत नोकरी, यंदाचा प्रयत्न तिसरा. फेब्रुवारी लागला की त्याची पहिली फेरी अप्पा बळवंत चौकात. क्वांटचा ठोकळा घरी आहेच, पण तो जुन्या आवृत्तीचा.

"नव्यात काय बदललंय हो?"

"किंमत," दुकानदार म्हणतो.

कॅटकरी घेतो. सोबत नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी'ही घेतो. पुस्तक १९४९चं, आणि कॅटमध्ये शब्दांचे अर्थ सरळ विचारणं कधीच बंद झालंय, हे त्याला ठाऊक असतं. पण टॉपर मंडळींच्या मुलाखतींत नाव येतं, मग कपाटात नको?

मोबाइलमध्ये पीडीएफचं गोदाम आहे. इंग्रजी उतारे सुधारावेत म्हणून त्याने तत्त्वज्ञान, पुरातत्त्व आणि ऑक्टोपसची बुद्धी यांवरचे लेख साठवलेत. वाचायचे कधी, हे एक्सेलमध्ये रंगीत रकान्यांत लिहिलंय. ती शीट मात्र खरोखर देखणी आहे. 'शंभर दिवसांत ९९ पर्सेंटाइल' ही व्हिडिओमालिका संपते तेव्हा ८८ दिवस उरलेले असतात. हरकत नाही, 'साठ दिवसांत'वालीही त्याने खूण करून ठेवलीय, आणि 'तीस दिवसांत'वालीही.

माहितीच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो सांगतो: तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, एकातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा, आणि उत्तर टंकायचं असेल तर वजाबाकी नाही. आई वाढता वाढता म्हणते, "अरे, मग तू क्लासच का काढत नाहीस?"

राज्याच्या एमबीए सीईटीचा विषय काढला की तो हसतो. २०० प्रश्न, १५० मिनिटं, वजा गुण नाहीत. तिचा कसला अभ्यास! मुंबईचं जमनालाल बजाज त्याच सीईटीवरही मिळतं, हे सांगणाऱ्याला तो पुढच्या वेळी टाळतो.

खरी गंमत मॉकमध्ये. तर्काच्या विभागात चार-पाच संच येतात, आणि त्यातले कोणते सोडायचे हे ओळखण्यातच निम्मं कौशल्य असतं. आता ज्या माणसाला एक पीडीएफ सोडवत नाही, त्याला अख्खा संच कसा सोडवावा? तो पाचही संच चाखतो. प्रत्येकाचा अर्धा तक्ता कच्च्या कागदावर काढतो, तोवर ४० मिनिटं संपतात. मग तीन तास विश्लेषण चालतं. निष्कर्ष ठरलेला: स्ट्रॅटेजी बदलायला हवी, आणि मॉकची मालिकाही.

शेजारच्या डेस्कवरची मुलगी एकच मालिका घेऊन बसलीय. रोज सकाळी दीड तास गणितं करते, आणि चुकलेली पुढच्या रविवारी पुन्हा सोडवते. तिला तो ऑगस्टपासून मार्गदर्शन करतोय. ती ऐकून घेते, हो म्हणते आणि आपलंच करते.

डिसेंबरात कॅटकरी जुना ठोकळा विकायला चौकात येतो. दुकानदार पानं चाळतो. 'नंबर सिस्टीम'चं पहिलं प्रकरण पेन्सिलीने काळंकुट्ट झालंय. अलीकडे कॅटचा भर शेकडेवारी, काळ-काम-वेग असल्या अंकगणितावर असतो. ते प्रकरण उघडताना पानं अजून कर्रकन वाजतात.

"पहिली चाळीस पानं सोडली तर नवंच आहे," दुकानदार म्हणतो. "निम्मी किंमत देतो."