गाडी पाणी खाते

ट्रकचा रेडिएटर गळायला लागला की आमच्याकडचा ड्रायव्हर आधी किराणा दुकान गाठतो. हळदीची पुडी घ्यायची, रेडिएटरमध्ये ओतायची आणि गाडी चालू करायची. हळद पाण्याबरोबर फिरते, बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. खरंच थांबते, हीच तर पंचाईत. भोक कोणतं आणि नळी कोणती हे हळदीला कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ती तितक्याच आपुलकीने मुक्काम ठोकते. मग गाडी गळत नाही, नुसती तापते.

जुन्या इंजिनांनी असले लाड चालवून घेतले. टर्बोवाल्या गाडीला ते चालत नाहीत. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने पेटंट घेतलं, त्यातली कल्पना मोठी काटकसरीची आहे. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. आजच्या टर्बोतलं चक्र मिनिटाला लाखभर फेरेही घेतं. इंजिन तेवढंच, ताकद जास्त. आणि ताकदीबरोबर उष्णताही आलीच. ती वाहून नेणारं पाणी झाकणाच्या दाबाखाली असतं, म्हणून शंभरावर उकळत नाही, एकशेवीसच्या आसपासपर्यंत कळ काढतं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये ते यासाठीच. ओलं पोतं टाकूनही नाही, असा गॅरेजवाल्या उस्तादांचा नियम आहे.

उस्तादांचं गॅरेज जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगत आहे. भंगार आणणारे, सळई नेणारे, मोसंबी भरून निघालेले, सगळे तिथे थांबतात. माझं तिथे काही काम नसतं. पण बाकडं आहे आणि चहा वेळेवर येतो.

परवा तिथे पाण्याचा टँकर आला. पाठीवर बारा हजार लिटर पाणी आणि रेडिएटर कोरडा. ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, गाडी पाणी खाते. खाली थेंब पडत नाही, पण रोज दोन लिटर टाकावं लागतं." टाकत होता कुठून? मागच्या व्हॉल्व्हमधून. उस्ताद कळवळले. "भाऊ, ते बोअरचं पाणी! आत क्षार धरतं. कूलंट काय फक्त थंड करायला असतं का? लायनर गंजू नये, त्याला खड्डे पडू नयेत, म्हणूनही असतं."

तोवर बाकड्यावर निदान सुरू झालं होतं. एकाने हेड गॅसकेट उडवली, दुसऱ्याने लायनर फोडला. थर्मोस्टॅट काढून फेका, असं सांगणारा एक जण प्रत्येक गॅरेजात असतोच. तो पगारी असावा असा मला संशय आहे.

उस्तादांनी डिपस्टिक ओढली. ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, त्यामुळे गॅसकेटवरचा संशय पातळ झाला. पांढरा, गोडसर वासाचा धूरही नव्हता, म्हणजे ईजीआर कूलरही सुटला. बीएस-६चे नियम २०२० पासून लागू झाले, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत धूर थंड करणारा हा कूलर असतो. तो आतून फुटला तर पाणी धुरावाटे परस्पर निघून जातं आणि मालक जमिनीकडे बघत बसतो. वॉटर पंपाखाली कंपनीने मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. सील गेलं की तिथून पाणी येतं, बेअरिंग जाण्याआधी सूचना मिळावी म्हणून. तक्रारदाराचं तोंड बंद करण्याची आपली पद्धत इथेही चालते. त्या भोकात एम-सील कोंबलेल्या गाड्या उस्तादांनी पाहिल्या आहेत. या टँकरचं भोक मात्र मोकळं होतं आणि कोरडंही.

"गरम गाडीत नाही सापडायचं," उस्ताद म्हणाले. टँकर रात्रभर उभा राहिला. सकाळी थंड इंजिनावर त्यांनी कूलंट भरलं, झाकणाच्या जागी हातपंप बसवला आणि दाब दिला. काटा पंधरावर गेला आणि चिमूटभर खाली सरकला. बाकडं प्रथमच गप्प झालं. उस्ताद टॉर्च घेऊन केबिनखाली शिरले ते टर्बोपाशीच थांबले. टर्बोच्या अंगात पाणी नेणाऱ्या नळीच्या बोल्टाखाली हिरवट पांढरं कीट धरलं होतं आणि त्यातून एक थेंब, अगदी सवडीने, फुगत होता. गाडी चालू असताना तो तापलेल्या टर्बोवरच वाफ होऊन जायचा. जमिनीपर्यंत पोचायची त्याला गरजच नव्हती.

दोष होता बोल्टाच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वायसरांचा. एकदा दाबलेलं वायसर पुन्हा वापरू नये, पण मागच्या खेपेला कुणीतरी तेच उलटं करून बसवलं होतं. उस्तादांनी बोल्टाची बैठक घासली, नवी वायसरं टाकली, बोल्ट मापात आवळला. मग आणखी तासभर काटा हलत नाही ना, ते पाहिलं. गळती सापडली म्हणजे ती एकच होती असं धरून चालणाऱ्यांवर त्यांचा फार राग आहे.

एवढ्यात ड्रायव्हरचा मोबाइल वाजायला लागला. घाणेवाडीचा तलाव, जायकवाडीची पाइपलाइन असं सगळं असूनही जालन्यातल्या कित्येक गल्ल्या अजून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात. पलीकडून कुणी काकू चढ्या आवाजात विचारत होत्या.

"निघालोच काकू, चौफुलीवर आहे, पाच मिनिटं!"

केबिन पुढे झुकवलेलं होतं आणि इंजिनातली हवा काढायची अजून बाकी होती. उस्तादांनी खालूनच हाक दिली, "अरे, दोन तास सांग की त्यांना! भांडी तरी घासून होतील."