पलंग चालला सोलापूरला

भालकी तालुक्यातल्या मेहकरला मामांच्या अंगणात एक मारुती ओम्नी आहे. १९८४ साली व्हॅन म्हणून रस्त्यावर आलेली ही जात कंपनीनं २०१९ साली बंद केली, पण ते या गाडीच्या कानावर अजून कुणी घातलेलं नाही. सोलापूरला मावशीकडे जायचं ठरलं. सगळं सामान आत मावत होतं. तरी मामा म्हणाले, "टपाला कॅरिअर पाहिजे." का, हे विचारायची आमच्या घरी पद्धत नाही. आणि तयार कॅरिअर विकत मिळतं हे मामांना सांगणं म्हणजे बाजारात तयार शेंगाचटणी मिळते हे मामीला सांगण्यासारखं.

माळवदाच्या खोलीत आजोबांचा लोखंडी पलंग होता. मामांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मामी म्हणाली, "अजून त्यावर पाहुणे निजतेत!" तोवर पलंग वेल्डिंगच्या दुकानात पोचलाही होता.

पलंग टपापेक्षा अरुंद निघाला. मग पाय कापून तेच दोन्ही बाजूंना जोडले. ओम्नीच्या टपाला कडेनं पन्हळ असते, हे या गाडीचे मोठे उपकार; हल्लीच्या गुळगुळीत गाड्यांना क्लॅम्प धरायला जागाच नसते. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, रंग खरवडू नये म्हणून. (मूळ रंग कुठे शिल्लक होता, हा प्रश्न वेगळा.) मामांना फ्रेम गाडीवर चढवूनच टाके मारायचे होते, पण वेल्डिंगवाला हटला नाही. "ठिणग्या उडून काचंला खड्डे पडतेत, मामा. खाली करू." शेवटी रेडऑक्साइडचा हात मारला आणि उशाकडचा गोल पाईप ऐटीत पुढे आला.

कॅरिअर बसल्याची वार्ता गल्लीत फिरली आणि रिकामा टप कुणाच्याच डोळ्यांना बघवेना. एकीनं औशाच्या लेकीसाठी पाळणा आणला. एकीनं लोणच्याची बरणी, "आडवी करू नका." मामीनं तुरीचं पोतं चढवलं. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमची तूर बिदर जिल्ह्यातली, पण मामीची ऐट शेजारच्या जिल्ह्याइतकीच. वजन टपावर गेलं की गाडी वळणावर झुलते, म्हणून पोतं मधोमध बांधलं. लोणचं मात्र माझ्या मांडीवर आलं.

निलंग्याच्या वाटेवर गाडीनं जरा वेग धरला आणि टपावरून घुमायला लागलं. मामी म्हणाली, पाळण्यात कुणाचं लेकरू राहिलं का बघा. थांबलो की आवाज बंद, निघालो की सुरू. निलंग्यात चहा पिताना एका ट्रकवाल्यानं निदान केलं: गोल पाईपवरून वारा सुटताना एकदा वरून, एकदा खालून भोवरे सोडतो आणि ते ठेक्यात पडले की पाईप गातो. उपाय म्हणून त्यानं पाईपाला काथ्या तिरका, वेटोळं घालत गुंडाळला. भोवऱ्यांचा ठेका चुकला, घुमणं थांबलं. कारखान्यांच्या उंच धुराड्यांना असंच पिळाचं पातं लावतात. त्याला हे कुठून माहीत, कोण जाणे.

औशाच्या अलीकडे पोलिसानं हात केला. केए-३९ ही कर्नाटकाची पाटी बघून त्यानं हिंदी काढली, "ये ऊपर क्या है?" बिदर जिल्हा १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आमच्या लोकांना हा अनुभव आहे. मामा अस्सल मराठीत म्हणाले, "पलंग आहे, साहेब." साहेबांनी वाकून पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही. पण पलंगाबद्दल काय, यावर ते विचारात पडले. "खाली उतरवल्यावर झोपता येतं का?" त्यांनी विचारलं. मामी आतून म्हणाली, "आता नाही येत. तक्रार लिहून घ्या!" साहेबांनी जायची खूण केली.

औशात पाळणा उतरला, सोलापुरात तूर आणि लोणचं. टप मोकळा झालेला मावशीनं गच्चीवरून पाहिला आणि तिला एकदम आठवलं, की घरात एक जुनं कपाट जागा अडवतंय. शेजारणीनं मेहकरच्या जावेसाठी चादरींचा गठ्ठा पुढे केला.

मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"मागून एक शिडी लावावी म्हणतो," ते म्हणाले. "मावशी, तुमच्याकडं जुना पाळणा-बिळणा आहे का लोखंडी?"