कोरड्या जिल्ह्यातला निःपक्षपाती

वर्धा जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे. त्यामुळे वाइनच्या समीक्षकांवर भरवसा ठेवावा का, या प्रश्नावर आमच्याइतकं निःपक्षपाती मत दुसऱ्या कुणाचं असणार? आम्ही कुठल्याच बाटलीचे मिंधे नाही. (मोहाच्या हातभट्टीचे जाणकार आहेत म्हणतात, पण त्यांनी गुण लेखी दिल्याचं ऐकिवात नाही.)

माझा भाचा नागपूरला असतो. तिथे त्याच्याबरोबर दुकानात गेलो, तर हा समोरच्या बाटल्या सोडून मोबाइलमध्येच डोकं घालून.

“मामा, ही घेऊ. ९१ गुण आहेत.”

“अन् ती?”

“८८. ती राहू द्या.”

आमच्या वेळी ८८ वाल्याच्या घरून पेढे यायचे.

मग मी वाचून काढलं. शंभरपैकी गुण देण्याची ही तऱ्हा रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने रूढ केली. १९७८ साली त्याने त्यासाठी वार्तापत्रच काढलं. त्याची मोजणी सुरू होते ५० पासून. म्हणजे बाटलीत वाइन आहे, एवढ्यावरच निम्मे गुण पदरात! त्याआधी फ्रान्समध्ये १८५५ साली बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली होती. ती दलालांनी केली, आणि चाखून नव्हे, तर बाजारातले भाव बघून. जी महाग, ती वरची. आजही ती यादी मानाने मिरवते.

सगळ्यात मजा आणली ती रॉबर्ट हॉजसन या कॅलिफोर्नियातल्या निवृत्त प्राध्यापकाने. हा स्वतः वाइन करणारा. तिथल्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत त्याने परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा चाखायला दिली. २००८ साली निकाल छापला: दहातल्या एखाद्यालाच आपलं मत जवळपास कायम ठेवता आलं. तितक्याच जणांनी त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण देऊन टाकलं. बिचारे लबाड नव्हते. जीभच ती, सकाळची वेगळी, पंचविसाव्या पेल्यानंतरची वेगळी.

तरी सगळेच समीक्षक मोडीत काढावेत, असं मला वाटत नाही. पार्करला दाट, भारदस्त वाइन आवडायची, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होतं. ज्याची जीभ तशीच, त्याला तो कामाचा. भाच्याला मात्र गुण देणाऱ्याचं नावही माहीत नव्हतं, मग आवडनिवड तर दूरच. ९१ आणि ८८ मधले तीन गुण कुणाच्या जिभेचे, हे कळल्याशिवाय त्यासाठी जास्तीचे पैसे का मोजावेत?

आम्हाला प्रतवारी काही नवी नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी लागली की ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, धागा ओढून लांबी बघतो, ओलावा मोजतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेतच नाही. कास्तकाराचा ग्रेडरवर भरवसा असतो असं नाही, पण त्याच्याशी भांडता येतं. “खालचा कापूस कोरडा आहे जी, तिथं लावून पाहा मशीन,” असं म्हणता येतं, आणि चार लोक जमले तर तो लावतोही. वाइनला ‘ओल्या मातीचा आणि जुन्या चामड्याचा गंध’ लिहून ९१ देणाऱ्याला कुठली मशीन लावायला सांगणार?