चकलीच्या तेलाचा साबण

अहो वहिनी, ती चादर मागनं वाळत घाला, आधी इकडे कुंपणाशी या. लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने पुण्याला जाऊन बसलात, इकडे केवढं रामायण झालं! हळू बोलते, कोपऱ्यावरच्या काकूंची खिडकी उघडी आहे.

दिवाळीनंतर वाण्याचं बिल आलं आणि त्यातला धुण्याच्या पावडरीचा आकडा बघून काकूंच्या अंगात आलं. म्हणे, आजेसासूबाई चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी घेऊन नऊवारी लुगडी धुवायच्या, आणि आपण पाकिटांवर पाकिटं ओततोय! झालं. चकल्यांचं तळणीचं शेंगतेल बरणीत होतंच. हार्डवेअरवाल्याकडून कॉस्टिक आणलं.

माप चुकलं नाही हो बाईचं. किलोभर तेलाला 130 ग्रॅम कॉस्टिक आणि 350 ग्रॅम पाणी, त्यासाठी छोटा डिजिटल काटासुद्धा घेतला. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं, हेही ठाऊक. हातात मोजे, डोळ्यांवर काकांचा स्कूटरवरचा गॉगल. आणि पातेलं कुठलं घेतलं? जर्मनचं! कॉस्टिक पडलं मात्र, पातेलं फसाफसा फेसाळायला लागलं, आतून काळंठिक्कर. काकांना वाटलं दूध उतू गेलं, ते फुंकर मारायला धावले. नातू ओरडतोय, "आजोबा, हायड्रोजन आहे, काडीबिडी ओढू नका!" बारावीच्या क्लासची फी तेवढी तरी वसूल झाली. पातेलं मात्र भंगारात.

दुसऱ्या खेपेला स्टीलची बादली. तासभर घोटलं तेव्हा पिठल्यासारखं आळलं, मग खोक्यात प्लास्टिक अंथरून ओतलं. दोन दिवसांनी वड्या पाडल्या, चांगल्या चौदा. त्या महिनाभर वाऱ्यावर सुकवायच्या असतात, पण काकूंना कुठला दम? आठव्या दिवशी मोरीत नेली, निम्मी वडी बादलीतच विरघळली. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. फेस तर नाहीच, वर फाटलेल्या दुधासारखा साका, आणि काकांच्या काळ्या पँटवर पांढरे फराटे. मीच म्हटलं, काकू, आधी पाण्यात मूठभर सोडा टाका. धुण्याचा हं, खायचा नव्हे. मग जरा जमलं. पण वास! नातवाच्या शर्टाला चकलीचा वास. क्लासमधली पोरं म्हणे डबा कुठे लपवलायस विचारायची.

पुढे तोच साबण किसून मशीनमध्ये घातला. तो साका नळीत बसला आणि मेकॅनिक 500 रुपये घेऊन गेला. पातेलं, काटा, मेकॅनिक... करा तुम्हीच हिशेब. तेल विकत आणून तर हा उद्योग करूच नये. खोबरेलाचा साबण कडक होतो, फेसही भरपूर, पण खोबरेलाचा भाव विचारून आधी खुर्चीत बसावं लागतं. फुकटचं तेल, हाताचं धुणं आणि महिनाभर धीर, एवढं असेल तरच पैसे वाचतात.

मलाही एक वडी दिली होती, प्रसादासारखी. मी ती मोरीच्या कट्ट्यावर ठेवून विसरले. परवा भांडी पुसायचं फडकं निघालं हळदीनं बरबटलेलं, म्हटलं बघू तरी. वडी घासली तर डाग लालभडक! कुंकू सांडल्यागत. माझ्या पोटात गोळाच आला. खळबळून उन्हात टाकलं आणि देवपूजा करून येते तो फडक्यावर डागाचा मागमूस नाही. आणि वडी, वहिनी, दोन महिन्यांत अशी टणक झाली होती की नखानं ओरखडा उठेना. वासही गेलेला.

तर विचारत होते, बारशाला पुऱ्या तळल्यात ना तुम्ही? तेल ओतून देऊ नका, गाळून ठेवा. मी स्टीलचंच पातेलं घेणार आहे. काटा... काटा काकूंचाच मागावा लागेल. तो तुम्ही मागा. तुमच्या नातवाचा सुंठ-ओवा मोजायला हवा म्हणून सांगा.